खाज थांबली तरी मलम थांबवू नका

रात्री दोनच्या सुमारास खाजेने जाग येते. खाज खालच्या नाजूक जागी. दिवसा कामाच्या गडबडीत ती फारशी जाणवत नाही, पण अंथरुणावर पडून अंग गरम झालं की सुरू होते. झोपेतच हात जातो. सकाळी लघवीला बसल्यावर चरचरतं, तेव्हा कळतं की रात्री कातडी सोलली गेली.

असं तुमचं होत असेल तर पुढचं सावकाश वाचा. होत नसेल तर आईसाठी, सासूबाईंसाठी, लेकीसाठी वाचा. आपण बायका गुडघ्याचं दुखणं शेजारणीला सांगतो, हे सांगत नाही. मीही पावणेतीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं तेव्हा न तपासताच 'फंगल आहे' म्हणून गोळ्या आणि ट्यूब मिळाली. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी टेबलावर झोपवून, दिवा जवळ घेऊन नीट पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं. लायकेन स्क्लेरोसस. ते धड म्हणायला मला आठ दिवस लागले.

हा कातडीचा आजार आहे. योनीच्या आत तो जात नाही. बाहेरच्या कातडीला होतो. योनीमुख, त्याच्या दोन्ही बाजूंचे ओठ, आणि पुष्कळदा मागे शौचाच्या जागेभोवती. कातडी पांढरट पडते. पातळ होते. पतंगाचा कागद चुरगळून परत सरळ केल्यासारखी दिसते. जरा घासलं की लालनिळे डाग उठतात, चिरा पडतात.

पाळी गेलेल्या बायकांना तो जास्त होतो, आणि वयात न आलेल्या लहान मुलींना. पण मधल्या वयातही होतो. शरीराची राखणदारी करणारी शक्ती आपल्याच कातडीवर उलटते, असं डॉक्टर समजावतात. म्हणूनच थायरॉइडचा त्रास किंवा कोड असलेल्या बायकांत तो जरा जास्त आढळतो. थायरॉइड कधी तपासला नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.

दोन गोष्टी आधी मनातून काढून टाका. हा गुप्तरोग नाही. नवऱ्याकडून आलेला नाही, नवऱ्याला लागणारही नाही. आणि अस्वच्छ राहिल्यामुळे तर मुळीच झालेला नाही.

पांढरं दिसलं म्हणजे कोडच, असंही धरून बसू नका. कोडात रंग जातो, पण कातडी पातळ होऊन फाटत नाही. क्वचित दोन्ही एकत्र असतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पहिलं काम म्हणजे नीट तपासून घेणं. त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, कुणीही चालेल. बाई डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी किंवा पालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कातडीची ओपीडी असते. मुंबईत केईएम आहे, पुण्यात ससून आहे. आत गेल्यावर नुसतं 'खाज येते' म्हणू नका. 'बाहेरच्या कातडीला खाज येते, तपासून बघा' असं म्हणा. न बघता औषध लिहिलं जात असेल तर नम्रपणे थांबवा. सारखी खाज मधुमेहातही येते, बुरशीनेही येते, नुसत्या साबणानेही येते. पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. शंका वाटली तर जागा बधिर करून कातडीचा बारीक तुकडा तपासायला काढतात. घाबरू नका, लहान काम असतं.

तोवर मेडिकलच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' मागून आणू नका. अशा कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र घोटलेलं असतं. दोन दिवस आराम पडतो आणि खरा आजार झाकला जातो.

आता बाथरूमकडे वळू. खाज आली की आपल्याला वाटतं, जागा स्वच्छ नाही. मग आपण साबण लावतो. मग जंतुनाशकाचे थेंब. मग जाहिरातीतला खास बायकांसाठीचा वॉश. मी तर कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी घेतलं होतं, तुरटी फिरवली होती. आग अशी झाली की पंख्याखाली बसून राहिले. आधीच फाटक्या कातडीवर हे सगळं म्हणजे जखमेवर मीठ.

तेव्हा त्या जागेला साबण बंद. वॉश, जंतुनाशक, पावडर, अत्तर, सुगंधी पॅड, ओले वाइप्स बंद. हळद, लिंबू, निंब हे घरचे असले तरी बंद. साधं कोमट पाणी पुरतं. नुसत्या पाण्याने समाधान होत नसेल तर साबणाऐवजी बिनवासाचं मऊ क्रीम लावून धुवा. घासणी नको, टॉवेल खसाखसा फिरवणं नको. जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे तुकडे कापून ठेवा आणि टिपून घ्या. जेटचा फवारा जोराचा असेल तर तांब्याच बरा.

लघवी लागून चरचरत असेल तर जाण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. लघवी करता करता तांब्याने कोमट पाणी सोडत राहा. खोकताना, शिंकताना थेंबभर लघवी जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ओलं राहिलं की ही कातडी चिडते, आणि त्यासाठी दिवसभर पॅड बांधून ठेवलं की आणखी चिडते.

चड्डी सुती आणि सैल घ्या. नायलॉनचा परकर, घट्ट लेगिंग, जाड शिवणीची जीन्स काही दिवस कपाटात राहू दे. रात्री गाऊनखाली काही घालू नका, हवा लागू दे. नखं कापा. सायकलवर किंवा स्कूटरवर लांबचा प्रवास करून आलात की त्रास वाढतो का, ते पाहा. घासण्याने हा आजार चेवतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथलं की मागच्या चिरा पुन्हा उकलतात.

आता मलम. खरं सांगायचं ते इथेच आहे.

या आजारावर डॉक्टर बहुतेक वेळा क्लोबेटासोल नावाचं जोरदार स्टेरॉइड मलम देतात. ते आणून आपण घरी येतो. खोक्यातला कागद उघडतो. त्यात गुप्तांगाला लावू नये अशा अर्थाचं काहीतरी असतं. पोटात गोळा येतो. कुणी सांगतं, स्टेरॉइडने कातडी पातळ होते. मग ट्यूब फ्रीजच्या दारात पडून राहते.

त्या कागदातला इशारा चुकीचा नाही. मनाने घेऊन, वाटेल तिथे, वाटेल तितके दिवस लावणाऱ्यांसाठी तो आहे. तुमचा आजार पाहून, माप सांगून दिलेल्या मलमाचं तसं नाही. इथे कातडी पातळ करतो आहे तो आजार. मलम त्याला आवर घालतं. मनात शंका असेल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तोंडावर विचारा, पण परस्पर बंद करू नका.

साधारण पद्धत अशी. पहिला महिना रोज रात्री एकदा. दुसरा महिना एक दिवसाआड. तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. त्यानंतर किती, ते डॉक्टर तुमची कातडी पाहून ठरवतात. पुष्कळ जणींना आठवड्यातून एक-दोनदा कायमचं लावावं लागतं. तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

माप बोटाचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची एक रेघ काढा. ते झालं साधारण अर्धा ग्रॅम. एका वेळेला तेवढं किंवा त्याच्या निम्मं, डॉक्टर सांगतील तसं. ३० ग्रॅमची ट्यूब या हिशोबाने पहिले तीन महिने पुरते. महिन्यात संपली तर जास्त लावताय. सहा महिने झाले आणि अर्धी आहे, तर कमी.

कुठे लावायचं, तेही विचारून घ्या. पहिल्यांदा हातात आरसा धरून डॉक्टरांसमोरच लावून दाखवा. अंदाजाने चोळलं की मलम जांघेत जातं. जांघेची कातडी खरंच पातळ असते, तिला या मलमाने अपाय होतो. आणि पांढऱ्या भागावर मलम लागतच नाही. मी पहिले पंधरा दिवस भलत्याच ठिकाणी लावत होते.

लावून झालं की हात धुवा. वर व्हॅसलीनसारखं काही लावायचं असेल तर मध्ये अर्धा तास जाऊ द्या. ही बिनवासाची जेली दिवसातून दोन-तीनदा लावली तर फारच बरं. डबी फ्रीजमध्ये ठेवा. रात्री खाज उठली की खाजवण्याऐवजी त्या गारव्याने निभावतं. बर्फ मात्र थेट लावू नका.

तीन-चार आठवड्यांत खाज जाते. छान झोप लागते. आणि इथेच आपण घसरतो. खाज गेली म्हणजे आजार गेला असं धरून मलम सोडतो. आजार जात नाही, आत चालूच राहतो. गुपचूप ओठ चिकटतात, योनीमुख आवळत जातं. एकदा चिकटलेलं मलमाने सुटत नाही. पुढचं तेवढं थांबवता येतं.

मलम न सोडण्याचं दुसरं कारण कॅन्सरचं आहे. भिववायला सांगत नाही, पण लपवणारही नाही. उपचार न घेतलेल्या या आजारात थोड्या बायकांना त्या जागी कातडीचा कॅन्सर होतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ५०७ बायकांवर लक्ष ठेवलं होतं, २०१५ साली ते छापून आलं. सांगितल्याप्रमाणे औषध लावणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही कॅन्सर किंवा त्याची आधीची पायरी आढळली नाही. कधी लावलं, कधी राहिलं अशा १५० जणींपैकी ७ जणींत आढळली. मी हे वाचल्यापासून एक वार चुकवलेला नाही.

विसरायला होतं ना? भिंतीवरच्या कालनिर्णयवर टिंब द्या. कुणी विचारलं तर दुधाचा हिशोब म्हणा.

महिन्यातून एकदा आरशात पाहा. हातातला आरसा, चांगला उजेड, दार बंद. आपलंच अंग आहे. बघायचं ते इतकंच: नवी गाठ, जाड खरबरीत झालेला भाग, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, रक्त. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा दाखवून या.

लेझरने कायमचं बरं करतो म्हणणारेही भेटतील. पैसे पुष्कळ लागतात आणि मलमाची जागा घेईल असा पुरावा अजून नाही.

संबंधाच्या वेळी दुखत असेल तर मुकाट्याने सोसू नका. नवऱ्याला सरळ सांगा की तिथली कातडी फाटते, बरी होईपर्यंत थांबू. बरी झाल्यावर मेडिकलमध्ये मिळणारं 'वॉटर-बेस्ड' जेल वापरा. खोबरेल तेलही चालतं, पण निरोध वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो. जागा फार आवळली असेल तर त्यावरही उपाय आहेत. विचारावं मात्र आपल्यालाच लागतं.

लहान मुलींच्या आयांना एक सांगते. मुलगी सारखा तिथे हात नेते, लघवीला रडते, शी धरून ठेवते, म्हणून तिला रागावू नका, हातावर मारू नका. कातडी पांढरी दिसते का ते पाहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या आजारात मुलींच्या कातडीवर रक्ताचे डाग उठतात आणि कुणी काही केलं की काय, अशी धडकी भरते. ती शंका आली तर तीही डॉक्टरांना सांगा, दाबू नका. दोन्ही बाजूंनी तपासलं जाईल. वयात येताना काही मुलींचं बरंच कमी होतं, पण तेवढ्यावरून दाखवणं सोडू नका.

आजाराचं नाव, मलमाचं नाव आणि कधीपासून लावताय ते एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा. नवे डॉक्टर भेटले की ती चिठ्ठी पुढे करायची, मग बोलताना अडखळायला होत नाही.

माझे आता आठवड्याचे दोनच वार उरलेत, सोमवार आणि गुरुवार. तुमचे डॉक्टरांना विचारून ठरवा.