अनामतीचा उंबरठा

'डिपॉझिट जप्त झाले' हे तीन शब्द आपल्याकडे पराभूत उमेदवाराच्या तोंडावर शिवीसारखे फेकले जातात. कायद्याच्या मनात मात्र शिक्षा नाही, हौशागवशांना आवर घालावा एवढाच त्याचा हेतू आहे, असे आम्हांस सांगण्यात येते. आम्हांस ते पटत नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेसाठी ५०० रुपये अनामत ठरविली होती. १९९६ च्या निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाची दाद कोठेच लागेना, तेव्हा मराठी भाषकांनी उमेदवारी अर्जालाच गाऱ्हाण्याचा कागद केला. त्याच वेळी नलगोंड्यात ४८० उमेदवार होते. तेथील गाऱ्हाणे पाण्याचे. मतपत्रिका अवाढव्य झाल्या, मोजणारांची दमछाक झाली, हे खरेच. पण ते गाऱ्हाणे कोणी वाचले काय? १ ऑगस्ट १९९६ पासून अनामत १०,००० झाली! आज ती २५,००० आहे आणि विधानसभेसाठी १०,०००. अनुसूचित जाती-जमातींस निम्मी.

बरे, एवढे करून गर्दी तरी हटली काय? २०१९ मध्ये निजामाबादेत १८५ उमेदवार होते, बहुतेक सारे हळद आणि ज्वारी पिकविणारे शेतकरी. संघटित माणसे वर्गणी काढून अनामत भरतात. उंबरठ्याबाहेर राहतो तो एकटा, विचारी पण निर्धन मनुष्य.

रक्कम परत मिळण्याची अट तर त्याहून कठोर. पराभूत उमेदवारास वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते हवीत. नेमकी एकषष्ठांश मिळाली तरी पैसे सरकारजमा. गोव्यातील एखाद्या लहानशा मतदारसंघात २४,००० वैध मते पडली असे धरा. तेथे ४,००० मते मिळविणाराही अनामत गमावतो. चार हजार गावकऱ्यांचा विश्वास म्हणजे पोरखेळ काय? ('वरीलपैकी कोणीही नाही' ही मते या हिशेबात धरीत नाहीत, तेवढीच काय ती दया.) ज्या ब्रिटनकडून आपण ही निवडणूकपद्धती घेतली, त्याने १९८५ मध्ये अनामत वाढविली खरी, पण जप्तीची मर्यादा अष्टमांशावरून विसाव्या भागावर आणली.

उमेदवाराचे गांभीर्यच मोजावयाचे, तर त्याच्यामागची माणसे मोजा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास आज एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात. दोघांसही दोनशे लावा; उन्हातान्हांत दारोदार हिंडून तेवढ्या सह्या मिळविणारास कोणी हौशी म्हणणार नाही. अनामत पुन्हा ५०० वर आणा, एकषष्ठांशाच्या जागी विसावा भाग लिहा. कलम ३३, ३४ आणि १५८ यांतील काही आकडे बदलण्यापलीकडे संसदेस याकामी फारसे कष्ट पडणार नाहीत.