घर मोजताना माप कोणाचे?

'मापात पाप' हे शब्द आपण किराणा दुकानापुरते वापरतो. कुरआनात एक अख्खी सूरह, अल-मुतफ्फिफीन, घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होते. माझ्या मते आज सर्वांत मोठे मापातले पाप तराजूवर होत नाही. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीवर नवी वसाहत उभी राहते, तेव्हा आराखड्यातल्या व्याख्यांमध्ये ते होते.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर बॅटरसी पॉवर स्टेशन आहे. चार उंच चिमण्यांचे हे कोळशावरचे वीज केंद्र 1983 मध्ये कायमचे बंद झाले. सुमारे 42 एकरांची जागा तीस वर्षे रखडली. 2012 मध्ये मलेशियातील कंपन्यांच्या गटाने ती घेतली. आज तिथे आलिशान फ्लॅट, दुकाने, ॲपलचे कार्यालय आणि 2021 पासून नवे मेट्रो स्थानक आहे. जुनी इमारत सुंदर जपली आहे, हे मान्य करायलाच हवे.

पण चार हजारांहून अधिक घरांच्या या प्रकल्पात 636 घरे 'परवडणारी' असतील, असे ठरले होते. 2017 मध्ये खर्च वाढल्याचे कारण देऊन विकासकाने हा आकडा 386 वर आणण्याची परवानगी मागितली आणि स्थानिक कौन्सिलने ती दिली. नफा पुरेसा झाला तर उरलेल्या 250 घरांचा शेवटी विचार होईल, अशी तरतूद ठेवली गेली. म्हणजे बिल्डरचा नफा आधी मोजायचा आणि गरिबाचे घर उरलेल्या पैशातून. यात कुठलाही कायदा मोडला नाही. हेच मला जास्त अस्वस्थ करणारे वाटते.

त्याच नदीच्या त्याच काठावर, तिथून चार-पाच किलोमीटरवर, दुसरे उदाहरण आहे. कॉइन स्ट्रीट परिसरात 1970 च्या दशकात मोठी कार्यालये आणि हॉटेल उभारायचे घाटत होते. तिथल्या रहिवाशांनी 1977 पासून त्याविरुद्ध मोहीम चालवली. ते केवळ 'नको' म्हणाले नाहीत, त्यांनी घरे, बाग आणि नदीकाठच्या सार्वजनिक वाटेचा स्वतःचा आराखडा तयार केला आणि सरकारी चौकशीत मांडला. अखेर 1984 मध्ये 13 एकर जमीन रहिवाशांनी स्थापन केलेल्या संस्थेला 10 लाख पौंडांत मिळाली. तिथली ऑक्सो टॉवरची इमारत आधी वीज केंद्र होती, मग मांसाचा अर्क बनवणाऱ्या कंपनीची झाली. 1996 पासून तिच्या पाच मजल्यांवर सहकारी संस्थेची 78 घरे आहेत. खाली दुकाने, वर रेस्तराँ, आणि मधल्या मजल्यांवर सामान्य कुटुंबे. घरे संस्थेची असल्यामुळे ती बाजारभावाने विकून टाकता येत नाहीत.

नदी एक, शहर एक, देशही एक. मग फरक कशाने पडला? माझे उत्तर सरळ आहे. एका ठिकाणी माप विकासकाच्या हातात होते, दुसऱ्या ठिकाणी रहिवाशांनी ते आपल्या हातात घेतले.

हे सगळे आपल्याला का सांगायचे? कारण मुंबईने हाच धडा याहून महाग शिकला आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सुमारे 600 एकर जमीन मोकळी होणार होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ढोबळमानाने तीन हिस्से ठरवले : एक शहरासाठी मोकळी जागा, एक म्हाडाची घरे आणि एक मालकाला. 2001 मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरणीचा आवार बहुतेक इमारतींनीच भरलेला असतो. त्यामुळे शहराचा आणि म्हाडाचा वाटा एकदम आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निकाल दिला, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राममध्ये एका चलाची व्याख्या बदलली की खालच्या हजार ओळी तशाच राहूनही उत्तर बदलते. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांनी नेमके तेच केले.

आता आपल्या समाजापुरते बोलतो. खासगी टॉवरमध्ये भाड्याने घर शोधताना माझा पगार चालला, कंपनी चालली, नाव सांगितल्यावर मात्र 'मालक नंतर कळवतील' एवढेच उत्तर आले. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना नवा नसेल. म्हाडाची सोडत मात्र आडनाव पाहून निघत नाही. पात्रता भरली की अर्जाचा क्रमांक निघतो. म्हणून सार्वजनिक घरांचा हिस्सा एक टक्क्याने कमी होतो, तेव्हा त्याची झळ ज्यांना खासगी बाजार दार उघडत नाही त्यांना दुप्पट बसते. दलितांना, एकट्या बायकांना आणि आपल्याला. मोहल्ल्यातच कोंडून राहतात, असा टोमणा आपल्याला मारला जातो, पण बाहेर पडण्याची वाट आराखड्यातच अरुंद होत असते.

कुणी म्हणेल, विकासकाला नफा नसेल तर तो बांधेल कशाला? मुद्दा रास्त आहे. कारखान्याची दूषित माती साफ करायला, जुनी इमारत सावरायला पैसा लागतो. नफ्याला माझा विरोध नाही. नफ्याचा हिशेब बंद लिफाफ्यात आणि गरिबाचा वाटा तडजोडीत, याला आहे. करार पाळणे आपल्याकडे ईमानाचा भाग मानले जाते. शहराशी केलेला करारही करारच असतो.

मग करायचे काय? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 नुसार विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर नोटीस काढून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी साधारण महिनाभराची मुदत असते. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, बहुतेक जण ती न वाचता पान उलटतात. आपल्यापैकी प्रत्येक वस्तीत दोघा-तिघांनी ती वाचण्याची जबाबदारी घ्यावी. वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर असे लोक आता आपल्यात आहेत. नोटिशीचा सोपा मराठी सारांश मशिदीच्या फलकावर जुम्याच्या वेळेशेजारी लागू दे, बुद्धविहारात आणि गणेश मंडळाच्या कार्यालयातही जाऊ दे. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तीत एवढेच विचारा : घरे किती, कोणासाठी, कोणत्या टप्प्यात, आणि हा आकडा पुढे कमी करण्याचा अधिकार कोणाला?

कॉइन स्ट्रीटच्या लोकांना जमीन मिळायला सात वर्षे लागली. ते धनाढ्य नव्हते. त्यांनी मापाकडे लक्ष ठेवले आणि सोडले नाही.