रंग छापखान्याचे, ठपका छायाचित्रकारावर!



रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहणारा एक तरुण छायाचित्रकार आमच्याच एका निवृत्त रेल्वे कामगाराचा मुलगा. शहरातला एक छापखाना त्याला बजावतो, ‘फोटो छपाईच्या चार रंगांत करूनच आण.’ या कामाची मजुरी? एक छदामही नाही!

हे काम काय, ते समजून घ्या. कॅमेरा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशात चित्र टिपतो. छपाईला सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया लागतात. कोणती किती, हे कागद आणि यंत्र पाहून ठरते. वर्तमानपत्री कागद शाई पितो, ठिपके पसरतात. म्हणून चारही शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांवर थांबवतात. गुळगुळीत आर्ट पेपर ३०० टक्केही पेलतो.

मग आमचा सवाल असा, की कागद कोणता, यंत्र कोणते, हे छायाचित्रकाराला कोण सांगतो? कोणीच नाही! पण छापलेला चेहरा काळवंडला, की बिल त्याचेच कापतात. नव्या सेक्शनवर लोको पायलटलाही आधी रोड लर्निंग देतात, मगच गाडी हाती देतात. इथे रस्ता न दाखवताच अपघाताचा जाब!

‘संगणकाचे एक बटण तर दाबायचे,’ असे मालक म्हणतात. एवढे सोपे असेल तर तुम्हीच दाबा! पूर्वी हेच काम प्रोसेस कॅमेरा चालवणारे, रिटचिंग करणारे, फिल्म जोडणारे कुशल कामगार पगार घेऊन करीत. संगणक आला, त्यांची खाती बंद झाली. काम संपले नाही. फक्त पगार संपला.

डाक कामगारांना हे नवे नाही. २०१८ साली पेमेंट्स बँक आली आणि पत्रांच्या थैलीबरोबर बँकेचा कारभारही पोस्टमनच्या खांद्यावर आला.

१९५५ च्या कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला श्रमजीवी पत्रकार मानले होते. लग्नकार्याचे, जाहिरातीचे फोटो काढणाऱ्याला तेवढेही छत्र मिळाले नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: रंगांचे रूपांतर छापखान्यानेच करावे. छायाचित्रकाराकडून हवे असेल, तर कागद-यंत्राची माहिती आणि वेगळी मजुरी द्यावी. त्याला प्रूफ दाखवल्याशिवाय एक पैसाही कापू नये.

आज त्याची पाळी आहे, उद्या आपली. त्याच्या पाठीशी उभे राहा!

कामगार एकजुटीचा विजय असो!