डोकं दुखतंय, पण चोर खांद्यात बसला असेल तर?

आपल्या वऱ्हाडात पाठीत उसण भरली की एक ठरलेला उपाय असतो. पायाळू माणूस शोधायचा. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्यानं दुखऱ्या जागी हळूच लाथ लावली की उसण उतरते म्हणे. हसू नका. लाथेत जादू नाही, हे खरंच. पण दुखण्याला एक नेमकी जागा असते आणि तिथं दाब पडला की बरं वाटतं, एवढं तरी आजीला ठाऊक होतं. आपण मात्र सरळ मेडिकलवर जातो आणि "भाऊ, दुखण्याची एक गोळी द्या" म्हणतो.

मीही तेच केलं. वाशिमला स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो, अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास. दुपारनंतर उजवी कानशिलं ठणकायची. डोळ्यांचा नंबर तपासला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, चहा सोडला (तो चार दिवसच). शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मान आणि खांदा यांच्या मधला मांसल भाग चिमटीत धरून दाबला आणि मी ओरडलोच. दुखलं खांद्यात, कळ गेली कानशिलात. रोजचीच, ओळखीची कळ! महिनोन्‌महिने मी चुकीच्या घराचं दार वाजवत होतो.

याला म्हणतात ट्रिगर पॉइंट. स्नायूत ताणलेल्या दोरीसारखी एक पट्टी बोटाला लागते, तिच्यात एक फार हळवी जागा असते. ती दाबली की वेदना दुसरीकडेच उमटते. स्नायूतली वेदना अशी लांब जाते, हे १९३८ मध्ये लंडनच्या जोनास केलग्रेन यांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंत खारं पाणी टोचून दाखवलं होतं. पुढे हा विषय लावून धरला अमेरिकेच्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी. १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. केनेडींची पाठ कायम दुखायची. ट्रॅव्हेलबाईंनी त्यांना इंजेक्शनं दिली, तशीच एक झुलती खुर्चीही सुचवली. ती खुर्ची जगभर गाजली.

मला इथं तो खुर्चीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या अभ्यासिकांचे बोर्ड वाचा: वायफाय, एसी, आरओचं पाणी, २४ तास. खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. प्लास्टिकची खुर्ची, गुडघ्याला लागणारं टेबल आणि मान मोडून वाचणारी पोरं-पोरी. वर "अमुक जण सोळा तास बसतो" याचं कौतुक! दुखणं सोसणं हा अभ्यासाचाच भाग आहे, असं आपण कधी ठरवून टाकलं? महिन्याची फी भरताना खुर्ची बदलून मागायला लाज कसली?

अर्थात सगळा दोष खुर्चीचा नाही. उत्तम खुर्चीतही चार तास न हलता बसलात तर खांदा धरणारच. सुट्टीत घरी जाऊन सोयाबीन सोंगणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. तिथं कंबर बोलते. एका खांद्यावर बॅग, रात्री कुशीवर मोबाईल, झोप कमी, परीक्षेचं टेन्शन, सगळं त्याच स्नायूत जाऊन साठतं.

एक कबुलीही देतो. ट्रिगर पॉइंट म्हणजे नेमकं काय, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे. दोन तज्ज्ञांना एकाच रुग्णात तीच जागा सापडेल, असं नाही. म्हणून "गाठ फोडून देतो" म्हणत तुम्हाला तुडवणाऱ्यापासून लांब राहा. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची हौस असेल तर ती आजच सोडा. मानेला असा झटका दिल्यानं रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

मग करायचं काय? टेनिसचा जुना बॉल घ्या. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये, मणक्याच्या बाजूला धरा (मणक्यावर नाही, गळ्यावर तर अजिबात नाही). हळूहळू सरकत हळवी जागा शोधा. तिथं अर्धा ते एक मिनिट दाब ठेवा, श्वास चालू ठेवा. "हां, इथंच" असं वाटावं एवढाच दाब. दात-ओठ खायची वेळ आली तर जास्त झाला. मग गरम पाण्याची पिशवी आणि कान हळूच विरुद्ध खांद्याकडे नेऊन ताण. दर अर्ध्या-पाऊण तासानं उठून पाण्याची बाटली भरून आणा. मोठी बाटली घेऊच नका, म्हणजे उठावंच लागेल.

वेदनाशामक गोळी कधीमधी ठीक, पण डॉक्टरांना न विचारता रोज घेतलीत तर पोट आणि किडनी हिशेब मागतात. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, ताप असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर बॉल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा छातीत दाटून कळ हातात-जबड्यात जात असेल, तर तासभरही थांबू नका.

माझा बॉल अजून बॅगेत असतो. अभ्यासिकेच्या जिन्यात भिंतीला पाठ घासत उभा राहिलो की नवी पोरं अस्वलाकडे बघावं तशी बघतात. आठवड्याभरात त्यातलंच कुणीतरी हळूच येऊन विचारतं, "दादा, तो बॉल देता का दोन मिनिटं?"