सभा तहकूब झाली तरी आराखडा होतोच



रिद्धपूर आणि पंचक्रोशीतल्या मंडळींनो, २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा लागेल. पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा तिथून सुरू होतो. या सभेला या, आणि येताना आपली मागणी कागदावर लिहून आणा, एवढ्यासाठी हे आवाहन.

"तिथं जाऊन काय होते बापा, सारं त आंधीच ठरून रायते." ओट्यावर, पानटपरीवर, एसटीच्या थांब्यावर हेच ऐकू येतं. ते अगदीच खोटं नाही. पण आधी ठरतं कसं, ते पाहा. ग्रामसभेची गणपूर्ती कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो. आपल्यासारख्या मोठ्या गावाला म्हणजे १०० माणसं. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग जी दहा-वीस डोकी हजर असतील त्यांच्यासमोर आराखडा वाचला जातो, मंजूर होतो, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. कित्येक गावांत हे असंच चालतं. रुसून घरी बसलेल्या माणसाचा राग प्रोसिडिंग बुकात कुठंच उमटत नाही.

हे यंदाच का सांगायचं, असं कुणी विचारेल. कारण गावात मोठं काम आलं आहे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला करायचं जाहीर झालं, २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आपण फटाके फोडले, सत्कार केले, फलक लावले. आता जरा हिशेबाचं बोलू. बाहेरगावची पोरं-पोरी शिकायला येतील, ती राहतील कुठं? जेवतील कुठं? अमरावतीहून सकाळी येऊन संध्याकाळच्या एसटीनं परत गेली, तर गावात त्यांच्या चहाचे तेवढे पैसे राहतील. गावातल्या कुणाकडे भाड्यानं देण्याजोग्या खोल्या आहेत, त्यांना नळ आणि संडास आहे का, कुठल्या बचत गटाला खानावळ चालवायची आहे, मुलींच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर दिवे आहेत का, ही यादी मुंबईत बसून कुणी करू शकत नाही. आणि दोनेकशे माणसं वाढली की सांडपाणीही वाढतं. आजच पावसाळ्यात ज्यांच्या दारात नाली तुंबते त्यांनी हा मुद्दा सर्वांत आधी लिहावा.

विचारून, नोंदून काम करण्याची रीत या गावाला नवी नाही. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथंच, वाजेश्वरी या ठिकाणी, चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र सिद्ध केलं ते एकट्याच्या आठवणीवर नव्हे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठलं, एकेकाला विचारलं, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्रात तर पाण्यावाचून हैराण झालेल्या मातंग वस्तीला विहिरीची जागा दाखवल्याची लीळा आहे. कुणाला पाणी नव्हतं, हे सातशे वर्षांमागं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं. यंदाच्या उन्हाळ्यात कुठल्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागली, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे का, ते ज्यानं त्यानं जाऊन पाहावं.

आता संत्र्याचं. मोर्शी-वरूडचा पट्टा संत्र्यासाठी देशभर ओळखला जातो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपला बगीचा अजून उक्ताच जातो. व्यापारी येतो, झाडाखालून फिरतो, नजरेनं अंदाज करतो, विसार देतो. तोडणीपर्यंत भाव पडला की तोच माणूस "फळ बारीक हाय, डाग लय हाये" म्हणून निम्मा माल झाडावर सोडून जातो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि तिकडं जाणारा माल अडला, त्याचा फटका थेट आपल्या वावरात बसला. ऐन बहरात फळगळ होते ती वेगळीच. बोअर खोल-खोल जातात, तरी मार्चनंतर पाणी तुटतं. भूजलाच्या अतिउपशासाठी आपला मोर्शी तालुका बदनाम आहे. प्रक्रिया प्रकल्पाच्या घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. माझं स्पष्ट मत आहे की अशा प्रचंड प्रकल्पाची वाट पाहण्यापेक्षा प्रतवारीची साधी शेड, वजनकाटा आणि वावरापर्यंत ट्रक जाईल अशी पांदण, एवढं आधी मागावं. माल स्वतः वेचून, तोलून विकता आला तर व्यापाऱ्याशी बोलायला तोंड राहतं. कुणाला हे पटणार नाही. त्यानं सभेत उठून सांगावं, पण सांगावं.

पैसा कुठून कशाला मिळतो, हेही थोडं समजून घ्या, नाहीतर मागणी चुकीच्या दारात पडून राहते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यावरच तो खर्च करायचा. उरलेल्यातून दिवे, अंगणवाडी, किरकोळ रस्ते. प्रतवारीची शेड, मोठा पूल, सिंचनाचं काम हे त्यात बसत नाही. तरीही ते ग्रामसभेत मांडायचंच, कारण ग्रामसभेचा ठराव पंचायत समितीकडे, जिल्हा परिषदेकडे आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडे धाडता येतो. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. आपला सदस्य सभागृहात नसतो तेव्हा आपल्या वतीनं तिथं पोचतो तो कागदच. त्या कागदावर सरपंचांची सही असली आणि ठराव क्रमांक असला तर साहेबालाही उत्तर द्यावं लागतं.

मागणी कशी लिहायची? "गावाचा विकास करावा" असं लिहू नका. त्यावर "होय, करू" यापलीकडं कुणी काही बोलणार नाही. असं लिहा: अमुक शिवारातल्या पांदणीवरचा रपटा जुलै ते सप्टेंबर पाण्याखाली असतो, पलीकडं इतक्या शेतकऱ्यांचं वावर आहे, बैलगाडीसुद्धा जात नाही, खत डोक्यावर न्यावं लागतं. जागा, महिने, किती घरांची अडचण, एवढं आलं की झालं. गट नंबर असेल तर उत्तमच. मोबाईलवर फोटो काढून त्याची प्रत जोडा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी बसावं. रील काढायला वेळ मिळतो, मग एक संध्याकाळ हेही जमेल.

मायबहिणींना वेगळं सांगायचं आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. ती झाली का, हे विचारा. "सह्या घरी पाठवून घेतल्या" हे उत्तर चालवून घेऊ नका. पाण्याचा हंडा कुणाच्या डोक्यावर असतो आणि यात्रेला आलेल्या माणसांच्या जेवणाची व्यवस्था कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावातल्या राजमठाच्या दर्शनाला दूरदूरहून महानुभाव पंथाची उपदेशी आणि वासनिक मंडळी येतात. त्यांच्या मुक्कामातून चार पैसे घरात यावेत, हा विचार बायकांच्या सभेतच नीट होईल.

ज्यांना शेत नाही, जे तोडणीच्या हंगामात मजुरी करतात आणि पुढं कामाला पुण्याकडं जातात, त्यांनी तर यायलाच हवं. आराखडा बहुधा जमीनवाल्यांच्या तोंडातून येतो. विद्यापीठाच्या बांधकामावर, सफाईवर, पहाऱ्यावर गावातल्या हातांना पहिलं काम मिळावं, हा ठराव मांडायला शेताची अट नाही. अठरा वर्षं पूर्ण आणि मतदार यादीत नाव, बस.

सभेची सूचना किमान सात दिवस आधी निघायला हवी. ग्रामपंचायतीच्या फलकावर लक्ष ठेवा, दवंडी किंवा गटातला निरोप आला की शेजारच्या घरातही सांगा. मागणीच्या दोन प्रती करा: एक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या आणि घरात जपून ठेवा. सभेत आपला मुद्दा निघाला नाही तर "माझा अर्ज अमुक तारखेचा आहे, तो वाचा" असं उभं राहून म्हणा. जानेवारीनंतर ई-ग्रामस्वराजवर आपल्या गावाचा आराखडा उघडून पाहा. काम तिथं दिसलं नाही, तर पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याचाच घ्या, पोच हातात धरून.

रिद्धपूरचा एक रहिवासी