उसनी लायब्ररी आणि आपला अर्ज

वेब फ्रेमवर्कने आपल्या फॉर्मच्या स्क्रिप्ट स्वतः लिहाव्यात की बाहेरच्या एखाद्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या हवाली कराव्यात, हा वाद वरवर पाहता चार तंत्रज्ञांनी चहाबरोबर मिटवावा एवढाच आहे. परंतु प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांचे बहुतेक अर्ज आज संगणकावर किंवा मोबाईलवरच भरावे लागतात. तेव्हा हा वाद संगणक विभागाच्या खोलीत कोंडून ठेवणे मला योग्य वाटत नाही. कला शाखेच्या वाचकांनीही थोडा धीर धरावा. सांगण्यासारखे अवघड यात फार नाही.

फॉर्मची स्क्रिप्ट मुख्यतः तीन कामे करते. रकाने नीट भरले आहेत की नाही हे पाठवण्यापूर्वी पाहते, पान पुन्हा न उघडता माहिती सर्व्हरकडे पोहोचवते, आणि घाईघाईने दोनदा बटण दाबणाऱ्याला आवरते. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. दुसऱ्या कोणी लिहून, पारखून, सर्वांना वापरायला दिलेला तयार कोड. ही कामे तिच्यावर सोपवली की फ्रेमवर्कच्या कर्त्यांचे श्रम वाचतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: सोपवावीत. मात्र अर्जाचे करारपत्र लायब्ररीच्या भाषेत लिहू नये.

याचे उत्तम उदाहरण रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कचे. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ते २००४ साली प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी सॅम स्टिफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी त्याच्या जोडीला आली आणि दोघांचा संसार असा एकजीव झाला की कोणाचे काय हे कळेना. रेल्समध्ये फॉर्म लिहिला की तयार होणाऱ्या एचटीएमएलमध्येच प्रोटोटाइपच्या आज्ञा कोंबलेल्या असत. म्हणजे अर्जाच्या कागदावर प्रश्नांच्या शेजारीच शिपायाला द्यायच्या सूचनाही छापलेल्या! शिपाई बदलला की कागद पुन्हा छापणे आले.

ऑगस्ट २०१० मध्ये रेल्सची ३.० आवृत्ती आली आणि तिने हे कोंबणे थांबवले. आता फॉर्मवर फक्त एक खूण राहिली: ‘डेटा-रिमोट’, म्हणजे हा फॉर्म पान न बदलता पाठवायचा आहे. हटवण्याच्या दुव्यावर ‘डेटा-कन्फर्म’, म्हणजे आधी विचारून घ्या. बटणावर ‘डेटा-डिसेबल-विथ’, म्हणजे एकदा दाबल्यावर ते बंद करून अमुक शब्द दाखवा. काय हवे ते पानात लिहिलेले. ते कसे करायचे हे एका वेगळ्या, लहानशा फाइलमध्ये. त्या फाइलची एक प्रत प्रोटोटाइपसाठी होती, दुसरी जॉन रेझिग यांच्या जेक्वेरीसाठी. खुणा दोन्हीकडे त्याच. या व्यवस्थेत कसलाही चमत्कार नाही, आणि म्हणूनच ती मला फार आवडते.

पुढे २०११ च्या ऑगस्टमध्ये ३.१ आवृत्तीत रेल्सने प्रोटोटाइप सोडून जेक्वेरी ही नित्याची लायब्ररी केली. खुणांच्या भरवशावर राहिलेल्यांचे फॉर्म होते तसेच चालले. ज्यांनी आपल्या पानात प्रोटोटाइपच्या ओळी हाताने लिहिल्या होत्या त्यांना त्या एकेक करून बदलाव्या लागल्या. आणि एप्रिल २०१७ मध्ये ५.१ आवृत्तीत रेल्सने जेक्वेरीवरचे अवलंबनही संपवले. तोच करार निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये पाळणारी फाइल आली. सात वर्षांत दोन भाडेकरू येऊन गेले, घराची चौकट तीच राहिली.

यावर आमच्यातले काही स्वाभिमानी मित्र म्हणतात, “शेवटी लायब्ररी टाकूनच द्यायची होती, तर घेतली कशाला? आपले आपण लिहायचे!” हे म्हणणे मला पटत नाही. २००६ साली जेक्वेरी आली तेव्हाचे ब्राउझर आठवून पाहावेत. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये बटण दाबल्याची खबर घेण्याची रीत एक, फायरफॉक्समध्ये दुसरी. सर्व्हरशी मागल्या दाराने बोलण्यासाठी एकाकडे एक वस्तू, दुसऱ्याकडे भलतीच. प्रत्येक फ्रेमवर्कने हे खाचखळगे स्वतः बुजवीत बसणे म्हणजे प्रत्येक घराने आपला रस्ता आपण बांधण्यासारखे झाले असते. आपलेच सारे वापरा असा ज्या कंपनीचा लौकिक, त्या मायक्रोसॉफ्टनेदेखील २००८ मध्ये जेक्वेरी आपल्या साधनांबरोबर देण्याचे जाहीर केले, आणि २०११ च्या जानेवारीत आलेल्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी ३ मध्ये फॉर्मतपासणीसाठी स्वतःची स्क्रिप्ट मागे ठेवून जेक्वेरीची तपासणी-लायब्ररी पुढे केली. तेथेही नियम ‘डेटा-’ या खुणांनीच पानात लिहिलेले. आज ब्राउझर पुष्कळ एकसारखे झाले आहेत, रकाना आवश्यक आहे किंवा ईमेलचा आहे हे ओळखण्याची सोय एचटीएमएलमध्येच आहे. म्हणून आज ती गरज कमी झाली. पण पूल ओलांडल्यावर नावाड्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

खरी काळजी निराळीच आहे. लायब्ररी घेतली की तिच्याबरोबर तिच्या कर्त्याची समजूतही घरात येते. वर ज्या तपासणी-लायब्ररीचा उल्लेख केला तिच्या जोड-नियमांत ‘फक्त अक्षरे’ असा एक नियम आहे. त्याच्या लेखी अक्षरे म्हणजे इंग्रजी ए ते झेड. बाकीचे काहीही अक्षर नव्हे. लिहिणाऱ्याच्या मनात आकस नव्हता, त्याच्यासमोर आपण नव्हतो इतकेच. पण आमच्यासारख्या सीमाभागात, जेथे याच अंकात मराठी आणि कन्नड पाने शेजारी शेजारी बांधली जातात, तेथे तो नियम न पाहता उचलणारा विद्यार्थी ‘आपले नाव मातृभाषेत लिहा’ असे वर छापतो आणि खाली ‘गोविंद’ लिहिणाऱ्याला लाल अक्षरांत सांगतो की यात अक्षरे नाहीत!

बरे, जगातली सर्व लिप्यांतील अक्षरे चालतील असा सुधारलेला नियम लिहिला तरी संकट टळत नाही. युनिकोडच्या हिशेबात ‘गोविंद’ हे सहा चिन्हांचे: ग, ओकाराची मात्रा, व, वेलांटी, अनुस्वार, द. यातली तीनच ‘अक्षर’ या वर्गात मोडतात. मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही ‘जोडचिन्हे’. कन्नडची तीच कथा, आणि जोडाक्षरातला हलन्तही याच वर्गात. तेव्हा नियमात अक्षरांबरोबर जोडचिन्हेही मोजावी लागतात. हे परदेशातल्या लायब्ररीकर्त्याने आपणहून ओळखावे अशी अपेक्षा व्यर्थ आहे. ते आपणच सांगायला हवे, आणि आपल्या फाइलमध्ये सांगायला हवे. तपासणीचा नियम हा अर्ज घेणाऱ्याचा असतो, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा नव्हे.

दुसरी काळजी नेटवर्कची. पुष्कळ ठिकाणी लायब्ररी आपल्या सर्व्हरवर न ठेवता बाहेरच्या तिसऱ्याच पत्त्यावरून मागवली जाते. खानापूरच्या रानाकडच्या गावांतून येणारे आमचे विद्यार्थी मोबाईलवर एकेक रेघ धरून अर्ज भरतात. पान येते, रकाने येतात, पण ती बाहेरची फाइल अर्ध्या वाटेत राहते. ज्या अर्जाचे बटण सर्वस्वी त्या फाइलवर अवलंबून, ते मग दाबले तरी ढिम्म हलत नाही. ‘चूक झाली’ असेही सांगत नाही. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाशी आमच्या वर्गातली मुले शेवटच्या दिवशी अशीच झुंजत होती. वास्तविक फॉर्म पाठवणे हे ब्राउझरचे जन्मजात काम आहे, त्याला कोणत्याही लायब्ररीची गरज नाही. स्क्रिप्ट आली तर सोय वाढावी, न आली तर अर्ज साध्या रीतीने जावा, आणि शेवटची तपासणी सर्व्हरने करावी. ती त्याने तशीही करावयास हवी. ब्राउझरमधली तपासणी ही केवळ दाराशी केलेली विचारपूस, मनात आणणारा ती सहज टाळू शकतो.

म्हणून तृतीय वर्षाचे प्रकल्प तपासताना मी लायब्ररी कोणती घेतली हे विचारत नाही. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करतो, नावाच्या रकान्यात एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये नाव लिहितो, आणि बटण दाबतो. काही विद्यार्थ्यांना हा छळ वाटतो. वाटो. मार्चमध्ये पुन्हा तसेच करणार आहे. ज्यांचे प्रकल्प अजून हातात आहेत त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून आताच सांगून ठेवतो.