शेवटची दारू कधी घेतली?

आपल्याकडे येणारा माणूस सहसा दारूची तक्रार घेऊन येत नाही. तो जळजळ सांगतो, झोप लागत नाही म्हणतो. आपण गोळ्या लिहून देतो आणि तो उठताना बजावतो, "आजपासून दारू बंद!" हेतू चांगलाच असतो. पण सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून ज्याला आधी घोट घ्यावा लागतो, त्याला एवढेच सांगून घरी पाठवणे धोक्याचे आहे.

रोजच्या दारूच्या दडपणाखाली मेंदू जुळवून घेत जातो, उत्तेजना वाढवत राहतो. दडपण एकदम निघाले की ती उसळते. सहा तासांनंतर केव्हाही घाम, धडधड आणि थरथर सुरू होते. फिट येण्याची भीती पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम. मांडीचे हाड मोडले म्हणून दाखल झालेला, तिसऱ्या रात्री सलाईन उपटून भिंतीवरचे किडे झटकणारा रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्याच्या केसपेपरवर दारूचा रकाना बहुधा कोराच असतो.

म्हणून आधी विचारावे. रोज किती? "थोडीशी" हे उत्तर धरू नये. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असते. शेवटची कधी घेतली? पूर्वी सोडली तेव्हा फिट आली होती का, भ्रम झाला होता का? झाला असेल, यकृत थकलेले असेल, ताप असेल किंवा घरी लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर दाखल करणेच योग्य. बाकीच्या बऱ्याच जणांना डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडचा उतरता डोस देऊन पाच-सात दिवस घरी सांभाळता येते. मात्र गोळ्या नातेवाइकाच्या हाती द्याव्यात आणि रुग्णाला रोज बघावे. थायमिन विसरू नये, आणि ग्लुकोजची बाटली लावायचीच असेल तर ते त्याआधी द्यावे. सवयीने हात आधी बाटलीकडे जातो, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

आणखी एक. "डॉक्टर, त्यांना कळू न देता जेवणात घालता येईल असं काही द्या ना," असे बायको रडत विनवते. तिचे दुःख खरे आहे. तरीही नकळत डायसल्फिराम देण्यास ठाम नकार द्यावा. पोटात गोळी आहे हे ठाऊक नसलेला माणूस पितो, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. त्या बाईला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवू नये. नवऱ्याच्या संमतीने देता येणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे आहेत, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून कुटुंबालाही उपचारात सामील करून घेत आले आहे.

सोडायला तयार झालेल्याला पुढची तारीख उद्याची द्यावी, महिन्यानंतरची नव्हे. मध्येच प्यायलात तरी या, हेही पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. नाहीतर लाजेपोटी तो दवाखानाच बदलतो, आणि नव्या डॉक्टरला मागचे काहीच ठाऊक नसते.